जोत्यात भरलेलं वावर

काय सांगू सर तुमाले, घराची गोष्ट सांगाची म्हनलं तं आंधी मले माझ्या बापाची सांगा लागते, त्याच्याबिगर ते घर तुमाले समजनार नाही. माझं नाव उत्तम, गावात मले उत्तम मिस्तरी म्हनतात, मेडशीहून पुढं आमचं गाव हाय, लहानच, दीड-दोनशे घराचं. माझा बा सोनाजी, तो सालदार व्हता. सालदार म्हंजे पाडव्याले मालकाच्या घरी साल धराचं आन् पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचे ढोरं, त्याचं वावर, त्याचं पानीपावसाचं सारं आपल्या अंगावर घ्याचं. अशे बावीस सालं धरले त्यानं. आमच्या घरान्यात मांगं पाह्यलं तं कोनाच्या नावावर एक तास, नांगराच्या एका रेघेएवढी बी जमीन नव्हती, लोकाच्या जमिनीत जन्म गेले सारे. मंग मायनं आन् बानं मिळून, मायनं जास्ती, पोटाले चिमटे घेऊन घेऊन दोन एकर घेतली, नाल्याच्या काठची, काळी कुळकुळीत. ज्या दिवशी सातबारा हाती आला त्या दिवशी बा त्या वावरात जाऊन नुसता बसून राह्यला, दिवसभर. मायनं भाकर नेली तं म्हने ठेव, आज भूक नाही. माय हे हसत हसत सांगे. माय लवकर गेली, तिनं पक्कं घर पाह्यलं नाही.

मी काही वावराच्या कामात रमलो नाही, खरं सांगतो. दहावीत नापास झालो आन् मामाच्या ओळखीनं अकोल्याले गेलो, एका वस्तादाच्या हाताखाली. दोन वर्सं नुसतं घमेलं वाह्यलं, तिसऱ्या वर्सी थापी हाती आली. वस्ताद लय कडक, भित ओळंब्यातून जराकशी सुटली तं पाडाले लावे, म्हने पाड, आपल्या हातानं पाड, म्हंजे ध्यानात राहीन. त्यानं मले एक गोष्ट पक्की शिकवली व्हती. म्हने उत्तम, काळी माती पोटाची हाय, घराची नाही. पानी प्याली का फुगते, ऊन लागलं का आकसते, वावराले उन्हाळ्यात भेगा पडतात ना हात जाईन एवढ्या, तशाच घराले पडतीन. पाया खंदाचा तं मुरूम लागेपर्यंत खंदाचा, आन् जोत्यात भरती कराची तं मुरुमाचीच कराची. जोतं म्हंजे घराची बैठक सर, जमिनीपासून फरशीपर्यंतची, तिच्या पोटात जे भरता ते भरती. हे मी पंचवीस वर्सं पाळलं. कोनी म्हनलं मिस्तरी घरची माती हाय, फुकट हाय, टाका ना, तं मी थापी पिशवीत टाकून चालाले लागो, म्हनो दुसरा मिस्तरी पाहा. आन् सर, माझ्याच घराच्या जोत्यात मी काळी माती भरली. कोनी जबरदस्ती नाही केली, समजत नव्हतं असं बी नाही.

झालं असं का गावाच्या वरच्या अंगाले नाल्यावर तलाव मंजूर झाला, सरकारी. चांगलं काम हाय, मी वाईट नाही म्हनत, आज गावातल्या विहिरीले बाराही महिने पानी हाय. पन आमचे दोन एकर बुडीतात गेले. मोबदला भेटला, खोटं कायले बोलू, त्यातूनच घर बांधाचं ठरलं. तवा आमी कुडाच्या घरात राहत होतो, मी, माझी बायको सुमन आन् बा, पोरगी तवा लग्न होऊन रिसोडले गेली व्हती. जमीन गेली तवा बा काहीच बोल्ला नाही. सही करता येते त्याले, म्हातारपनी विहारात बसून शिकला, अंगठा नाही लावत म्हने आता. सही केली आन् घरी आला.

मंग पाया झाला, जोतं उभं राह्यलं, आन् मी मुरूम सांगाले निंगालो तं बा मांगून आला. म्हने उत्तम, मुरूम नको आनू. मी म्हनलं मंग काय भरू? म्हने आपली माती भर. वावर तं पान्याखाली जाईन, पन पानी साचाच्या आंधी माती आनता येते ना, कोन अडवते? माह्या पायाखाली राहू दे तिले, मले दुसरं काही नको. मी म्हनलं बा, काळी माती चालत नाही रे घराले. तं तो म्हने बावीस सालं लोकाची माती तुडवली मी, आपली तुडवाले भेटली तं पंधरा वर्सं. एवढंच बोल्ला. सर, ह्या मानसानं जन्मात मले काही मांगतलं नव्हतं, सदरा बी नाही, मी दिवाळीले आनला तं म्हने कायले आनला. त्याच्यापुढं मी काय मिस्तरीगिरी सांगू?

मी मनाले समजावलं. म्हनलं उन्हाळ्याची कोरडी माती हाय, थर देऊ देऊ कुटू, वरून मुरूम टाकू, त्याच्यावर जाड काँक्रीट करू, पानी लागनारच नाही तिले. सात ट्राल्या माती आनली ट्रॅक्टरनं. बा सोता धुम्मस घेऊन उभा राह्यला, धुम्मस म्हंजे दांडा लावलेलं जड लोखंड, भरती कुटाचं. सत्तरीच्या वरचा मानूस, घामानं न्हाऊन निंगे, पन मी हाती घेतलं तं म्हने सोड, मी कुटतो, तुले नाही जमत. एवढा खुश मी त्याले पाह्यला नव्हता कधी. वरून वीतभर मुरूम मी टाकला. मजबुतीले टाकला म्हनतो मी, पन खरं सांगू का, दुसऱ्या कोन्या मिस्तरीनं डोकावून पाह्यलं तं त्याले काळं दिसू नये म्हनून टाकला. लाज व्हती ना मनात. जे काम लपवा लागते ते काम चुकलेलंच असते, हे मले काय कोनी सांगाले पायजे व्हतं?

फरशी बसवाले शिरपूरचा गफूरभाई आनला. त्याच्याएवढा फरशीवाला ह्या भागात नव्हता, आजही नाही. काम झालं का खिशातून काचेची गोटी काढे आन् खोलीच्या मधात ठेवे, गोटी जागची हालली नाही तं मंगच मजुरी घे. आमच्या तिन्ही खोल्यात गोटी ठेवली त्यानं, जिथल्या तिथं राह्यली. बुद्धपूर्णिमेले आमी राहाले आलो, वंदना झाली, खीरदान झालं, आन् बानं मधल्या खोलीत चटई बी नाही घेतली, उघड्या फरशीवर पाय पसरून बसला. सुमन म्हने मामाजी फरशी हाडाले लागन, खाली काहीतरी घ्या. तो म्हने लागू दे.

दोन वर्सं काही नाही. मलेच वाटाले लागलं का वस्ताद जास्ती बोलत व्हता. तिसऱ्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, गावातल्या विहिरी काठोकाठ आल्या, हातानं पानी घ्या असं. लोकं खुश, मी बी खुश, मले समजलंच नाही का विहिरीत पानी वर आलं म्हंजे घराखाली बी आलं. आमच्या मातीले ते पानी लागलं, सर. तलावानं वावर घेतलं ते घेतलं, आन् उरलेल्या मातीच्या मांगं घरापर्यंत आला.

दुपारची येळ व्हती, सुमन चुलीपाशी भाकरी करून राह्यली व्हती, मी जेवाले बसलो व्हतो. फटाका फुटल्यावानी आवाज झाला, आन् मधल्या खोलीत दोन फरश्या एकमेकीले डोकं लावून उभ्या राह्यल्या. सुमनच्या हातची भाकर तव्याच्या बाहेर पडली. मी घास तोंडात तसाच ठेवून पाह्यलं आन् मले सारं समजलं, एका क्षनात. बा खाटेवरून उठून आला, म्हने काय झालं रे? खरं माझ्या तोंडाशी आलतं, सर. बा, ती माती फुगली, एवढंच म्हनाचं व्हतं. पन त्याचं तोंड पाह्यलं, त्याचे पाय पाह्यले त्या फरशीवर, आन् मी म्हनलं, गफूरनं फरशी बरोबर नाही बसवली. अस्सं निंगालं तोंडातून. बोल्ल्याबरोबर मले वाटलं का हे परत घ्यावं, पन मंग नाही घेतलं.

गफूरभाईले बलावलं. तो आला, बसला, बोटानं ठोकून पाह्यलं, उचललेली फरशी उलटी करून पाह्यली, खिशातली गोटी काढून ठेवली तं ती सरळ दरवाज्याकडे पळाली. मंग माझ्याकडे पाह्यलं आन् म्हने मिस्तरी, माझा मसाला पक्का हाय, फरशी सुटली नाही. तुही जमीन उचलली. खाली काय भरलं? मी म्हनलं मुरूम. तो म्हने मुरूम असा उचलत नाही. बा बाजूले उभा, त्याले वाटलं मी वरच्या थराचं सांगतो. मी आवाज चढवला, म्हनलं तू मले भरती शिकवतं का, पंचवीस वर्सं झाले मले, काम खराब केलं तं केलं म्हन. सुमननं चहा ठेवला व्हता गफूरभाईपुढं, तो त्यानं तसाच ठेवला, पिशवी उचलली आन् गेला. मी त्याच्या मांगं दरवाज्यापर्यंत बी नाही गेलो.

पुढं जे झालं ते तं मी करा म्हनलं नव्हतं. बा बाजाराच्या दिवशी मेडशीले गेला, तिथं चहाच्या टपरीवर चार लोकं बसतात आमच्या गावचे, आजूबाजूचे, तिथं त्यानं सांगतलं का शिरपूरचा गफूर लबाड मानूस हाय, माह्या पोराच्या घराची फरशी त्यानं बुडवली. माझा बा कोनाविषयी वाईट बोलत नाही, हे साऱ्याले माहीत, म्हनून ते लोकाले जास्ती खरं वाटलं. आमच्या गावात दोन घराचं काम गफूरभाईच्या हाती येनार व्हतं, दोघांनी बी दुसरा मानूस लावला. मी ऐकलं. ऐकून मी माझी थापी धुत बसलो.

आन् घर काही थांबलं नाही, सर. फुगनं झालं का हिवाळ्यात आकसनं, एका जागी वर, एका जागी खाली. मांगचा दरवाजा चौकटीत असा अडकला का सुमन खिडकीतून हात बाहेर काढून शेजारनीले हाका मारे. मी दरवाजा रंधून बसवला, तं उन्हाळ्यात त्याच्यातून बोट जाईन एवढी फट. सैपाकाचा ओटा मधातून उलला. फरशी पुन्हा बसवली, दुसऱ्या मानसाच्या हातून, ती बी उठली. भितीले कोपऱ्यापासून तिरपी भेग पडली, मी पुट्टी भरली, रंग दिला, पावसाळ्यानंतर भेग आपल्या जागी हजर. दरवेळेस बा विचारे काय झालं, दरवेळेस मी नवं कारन सांगो, सिमेंट जुनं निंगालं, लोखंड हलकं निंगालं, पाइपवाल्यानं घोळ केला. एका खोट्याले टेकू देऊ देऊ थकलो मी. माझी मोटारसायकल इकली त्यात, सुमन दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाऊ लागली. तिनं एक दिवस विचारलं, अजी, लोकाचे घरं तं तुमच्या हातचे सरळ उभे हायेत, आपलंच काहून असं? मी म्हनलं नशीब. आमी बौद्ध मानसं, नशीब म्हनत नाही आमी.

कोनी म्हने नजर लागली, कोनी म्हने घराची दिशा चुकली. विहारातली मंडळी म्हने परित्राण पाठ ठेवा घरी, मनाले शांती भेटन. ठेवला. भन्तेजी आले, साऱ्याच्या हातातून पांढरा धागा फिरवला, पाठ झाला. मंग भन्तेजी चार शब्द बोल्ले, म्हने ह्या जगात कारनाबिगर काही होत नाही, दुःख आलं तं रडत बसू नका, त्याचं कारन पाहा, कारन काढून टाकलं का दुःख निंघून जाते. साधं बोलनं, दर वंदनेले ऐकतो आमी. पन माझ्या हातात तो धागा, आन् कारन माझ्या बुडाखाली, सात ट्राल्या. मान वर नाही करता आली मले. बा माझ्या बाजूलेच बसलता, हात जोडून, डोळे मिटून.

सुमनले कळलं ते पाइपनं. नळाचा पाइप फरशीखालून फुटला म्हनून मी सैपाकखोलीत खड्डा खंदला आन् नव्या पाइपसाठी दुकानदाराले फोन लावाले मी बाहेर गेलो. परत आलो तं ती खड्ड्यापाशी बसलेली, हातात चिखलाचा गोळा. शेतकऱ्याची लेक हाय ती, माती तिले सांगा नाही लागत. म्हने हे तं मामाजीचं वावर हाय. भरतीच्या टायमाले ती बाळंतीन पोरीपाशी रिसोडले व्हती, म्हनून तिले माहीत नव्हतं, आन् बाले तं त्यात काही चूक वाटतच नव्हती, तो कायले सांगन. मी म्हनलं हो. ती म्हने म्हंजे गफूरभाईचं काहीच नव्हतं? मी म्हनलं नव्हतं. रडली नाही, भांडली बी नाही. म्हने मामाजीले सांगा, नाहीतं मी सांगतो. तुमाले आठ दिवस देतो.

मी आठ दिवस बी काढले असते, सर, मी तसाच मानूस हाय, पन तिसऱ्याच दिवशी बाच्या खाटेच्या वरचा गिलावा सुटला, पाट्याएवढा, आन् उशीवर पडला. बा तवा अंगनात दात घासून राह्यला व्हता. मी ती उशी पाह्यली, तिच्यावरचं सिमेंट पाह्यलं. बाप वाचवासाठी खोटं बोल्लो म्हनून मी सोताले समजावत होतो, आन् त्या खोट्यानंच बाप जात होता. तसाच अंगनात गेलो, त्याच्यापुढं खाली बसलो आन् सारं सांगतलं. काळी माती काय करते ते सांगतलं, मले आंधीच माहीत व्हतं हे सांगतलं, फरशी पह्यल्यांदा उठली तवाच समजलं व्हतं हे बी सांगतलं.

मले वाटलं तो रडन. मातीसाठी रडन. त्यानं चूळ भरून टाकली आन् म्हने, गफूरनं विचारलं तवा तूनं मुरूम म्हनून सांगतलं. मी म्हनलं हो बा. तो म्हने मी बाजारात त्याले लबाड म्हनलो, चार लोकांत. मी म्हनलं हो. मंग त्यानं एक गोष्ट सांगतली, मले तवापर्यंत माहीत नव्हती. तो साल धरून व्हता तवा मालकाच्या घरून तुरीचं एक पोतं गेलं, आन् आळ आला बाच्यावर. झडती घेतली आमच्या घराची, मायचं गाडगं न् गाडगं उलटं केलं. मंग महिन्यानं समजलं का मालकाच्या घरच्याच मानसानं नेलं व्हतं. बा म्हने, चोर म्हनाले सारं गाव आलतं रे उत्तम, चोर नाही म्हनाले एक मानूस नाही आला. तुही माय मरेपर्यंत त्या गल्लीतून जात नव्हती. आन् मी तेच केलं त्या मानसाचं, तुह्या बोलन्यावरून. उठ, शिरपूरले चाल. मी म्हनलं बा, आंधी घराचं पाहू, भित कधी बी येईन खाली. तो म्हने येऊ दे.

मेडशीहून मालेगाव, मालेगावहून शिरपूर, एसटीनं गेलो. गफूरभाईच्या दारात गेलो तं तो बाहेरच फरशी कापाचं मशीन पुसत बसलता. मले पाहून त्यानं मान खाली घातली. बा उभ्यानंच म्हने, गफूरभाई, मी तुमाले बाजारात लबाड म्हनलो, ते खोटं व्हतं. खाली काळी माती हाय, मीच टाकाले लावली, आन् माह्या पोरानं तुमच्यावर ढकललं. गफूरभाई उठला, म्हने बाबा, तुमी घरात या, उन्हाचे उभे राहू नका. बाले हात धरून आत नेलं, पानी देलं, चहा देला. मले या म्हनला नाही. मी दारातच उभा, आन् बरोबर व्हतं ते. आतून मले ऐकू येत व्हतं. गफूरभाई म्हने जाऊ द्या बाबा, झालं ते झालं. बा म्हने नाही झालं, मी जिथं बोल्लो तिथं ते अजून पडून हाय, तिथून मलेच उचला लागन.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच टपरीवर गेलो आमी. गफूरभाई नाही आला, म्हने मले कायले नेता. बा बाकड्यावर नाही बसला. काठी टेकून उभा राह्यला आन् बोल्ला, मी गफूरले लबाड म्हनलो व्हतो, तो लबाड नाही. एकजन हासला, म्हने बाबा आता काय झालं, फरशी खाली बसली का? बानं त्याच्याकडे पाह्यलं बी नाही, मले पुढं लोटलं, म्हने आता तू सांग. काय सांगू सर तुमाले, तिसऱ्या मजल्याच्या बांबूच्या पराचीवर उभा राह्यलो मी, कधी भ्यालो नाही, तिथं मले टपरीचा खांब धरा लागला. म्हनलं माझ्या जोत्यात काळी माती हाय. मले माहीत असून भरली. गफूरभाईच्या कामात खोट नव्हती. ज्यांचे घरं मी बांधले असे दोघं-तिघं व्हते तिथं. त्यातला एक म्हने, मिस्तरी, आमच्या जोत्यात काय भरलं मंग? त्याले विचाराचा हक्कच व्हता. मी म्हनलं मुरूम, पाह्यजे तं खंदून पाहा, मजुरी माझी. दोघांनी खरंच खंदून पाह्यलं. मुरूमच निंगाला. पन त्या सालात मले एक काम नाही आलं, मी जऊळक्याच्या बाजूले विटाच्या कामावर गेलो.

मंग उन्हाळ्यात घर खंदलं. फरशी फोडली, काँक्रीट फोडलं, आन् दरवाज्यातून घमेल्या घमेल्यानं माती बाहेर काढली, मी आन् सुमन, शेजारपाजारचे बी आले. ढीग लागला अंगनात. चांगली माती ती, कोनाले नको? बाया टोपले घेऊन आल्या, म्हने बाबा परसात टाकाले नेऊ का? बा खाटेवर बसलता निंबाखाली. मी त्याच्याकडे पाहत होतो चोरून. तो म्हने न्या, न्या, आन् एकीले विचारे वांगे लावतं का मिरच्या, मिरच्या लाव, मिरच्याले चांगली हाय ते माती. दोन दिवसात ढीग उठला. रिकाम्या जोत्यात बा एकडाव उतरला, हात धरून मी उतरवलं, पायानं चाचपून पाह्यलं त्यानं, आन् म्हने आता भर. मी रडलो तवा. त्याच्यापुढं नाही, मांगच्या बाजूले जाऊन.

एकदम साऱ्या घराचं नाही झालं सर. मुरूम भरला, कुटला, पानी मारून एक पावसाळा तसाच सोडला, भितीले आधाराचे खांब घेतले. मधली खोली आन् समोरची झाली, सैपाकखोली अजून मुरुमावरच हाय, सुमन सारवून घेते. समोरची फरशी गफूरभाईनंच बसवली, बाच्या निरोपावर आला. मजुरी पुरी घेतली, कमी कर म्हनाची माझी हिंमत नव्हती. चार दिवस काम केलं, चहा आपल्या घरून थर्मासमधी आनला. सुमननं रोज विचारलं, रोज म्हने नको भाभी, आनला हाय. मनातून जाईन तवा जाईन, नाही गेलं तं नाही गेलं, त्याचं मन हाय.

आता परवाची गोष्ट. आमच्याच गावातलं एक घर, ज्यानं तवा गफूरभाईचं काम काढून घेतलं व्हतं, त्याच्या भावाचं. तो शिरपूरले गेला फरशी सांगाले. गफूरभाई म्हने येतो, पन जोत्याची भरती उत्तम मिस्तरीच्या हातची पायजे, नाहीतं मी थापी लावत नाही. त्या मानसालेही नवल वाटलं, म्हने त्याच उत्तमची? गफूरभाई म्हने हो, त्याचीच, त्याले समजलं आता काळी माती काय असते ते, त्याच्या हातून पुन्हा जानार नाही. टोमना व्हता का भरवसा व्हता, मी विचारत नाही. तो मानूस माझ्या दारात येऊन हे सांगून गेला.

बाले आता ऐकू कमी येते, खाटेवरच असते जास्ती. त्याच्या कानापाशी जाऊन दोनदा ओरडून सांगतलं मी, गल्लीतल्या साऱ्यानं ऐकलं. त्याले समजलं. माझ्याकडे पाह्यलं आन् म्हने, मंग इथं काय बसला बे, जा ना, त्याले वाट पाहाले लावू नको.

तं सर, मी निंगतो आता, तिथं मुरूम येऊन पडला असन. तुमी बसा, सुमन चहा ठेवून राह्यली. तुमाले मी काय देऊ, एवढंच म्हनतो, का तुमच्यावर अशी पाळी न येवो, आन् आलीच कधी, तं पह्यल्याच दिवशी तुमाले तोंड उघडता येवो.